बुधवारचा शेवटचा तास

५ ऑगस्ट, बुधवार

‘बाई, हे गणितातलं प्रमाण की भूगोलातलं?’

माझ्या गणिताच्या तासाला खिडकीशी बसणाऱ्या मुलीने — खिडकीवालीने — विचारलं. सगळी दहावी ‘ब’ हसली. मीही हसणार होते, तेवढ्यात तिचा चेहरा दिसला. ती चेष्टा करत नव्हती! तिला खरंच वाटत होतं, ही दोन वेगवेगळी आहेत.

तास संपल्यावर तिला थांबवलं. नकाशावरचं साडेतीन सेंटिमीटर अंतर खऱ्या रस्त्यावर किती किलोमीटर होईल, एवढंच काढायचं होतं. ती म्हणाली, ‘तुम्ही आधी एकाचं काढायला सांगता. शास्त्राचे सर सूत्राचा त्रिकोण काढून, जे हवं त्यावर अंगठा ठेवून उरलेलं वाचायला सांगतात. भूगोलाच्या बाई दोरा लावून मोजायला सांगतात. मग इथे अंगठा ठेवायचा, की दोरा लावायचा?’

एकच गोष्ट. आम्ही तिघांनी त्या एकाच गोष्टीला तीन तोंडं दिली. आणि वर मी काय म्हणते? ‘सोपं आहे, शास्त्रात तुमचं झालेलंच आहे!’

मला इथे येऊन एक वर्ष झालं, तेही तात्पुरत्या जागेवर. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एका रिकाम्या खुर्चीत बसले, तर कुणीतरी म्हणालं, ‘मॅडम, ती खुर्ची कायमच्या माणसाची आहे.’ तेव्हापासून बसायच्या आधी विचारते. चहाचा कप उचलायच्या आधीही विचारते. उद्या मात्र वेगळंच काहीतरी विचारणार आहे. शास्त्राच्या सरांना आणि भूगोलाच्या बाईंना — तुम्ही प्रमाण पायापासून शिकवता का?

६ ऑगस्ट

विचारलं.

शास्त्राचे सर रागावले की त्यांच्या नाकातून शिट्टी वाजते, म्हणून मुलं त्यांना कुकर म्हणतात. (मी फक्त इथे लिहिते.) शिट्टी वाजलीच. ‘मी पायापासून कशाला शिकवू? ते तुमच्याकडे व्हायला हवं. मी वर्गात स्पष्ट सांगतो, गणितात तुमचं झालेलं आहे!’

भूगोलाच्या बाईंकडे गेले. मुलांत त्यांचं नाव कर्कवृत्त. ते त्यांना माहीत आहे, आणि मला वाटतं, आवडतंही. हे वर्ष संपलं की निवृत्त होतील. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘मी पोरांना सांगते, दोघांकडे झालंय, आता माझा वेळ खाऊ नका.’

म्हणजे कुणीच शिकवलं नाही. तिघं ‘तुम्हाला येतंच’ म्हणत राहिलो, आणि येत नाही हे सांगायची पोरांना लाज वाटली.

ही लाज मला चांगली ओळखीची आहे. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. ‘अडलं तर घरी विचारा’ असं बाई म्हणायच्या आणि मी मान डोलवायची. कुणाला विचारणार होते?

७ ऑगस्ट

कुकर मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मग आता काय मॅडम, तुमच्या वर्गात येऊन बसू की काय? बाकावर?’

टोमणा होता. पाच-सहाजण हसले. या शाळेत दुसऱ्याच्या वर्गात पाय ठेवायचा नाही असा न लिहिलेला कायदा आहे. दार लावलं की आत आपलं राज्य.

माझ्या तोंडून निघून गेलं — ‘हो. बसा. मीही येते तुमच्या वर्गात.’

लगेच वाटलं, हे काय बोलून बसले! पण शब्द मागे घेतला नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार

बुधवारी शेवटच्या तासाला ‘ब’ला वाचनालय असतं, आणि वाचनालयाला कुलूप असतं. मुलं नुसती बसून असतात. आम्ही तिघंही तेव्हा मोकळे. सगळ्यांसमोर बोलून बसल्यामुळे कुकरना माघार घेता येईना, आणि ‘गंमत बघते’ म्हणत कर्कवृत्तही आल्या. तोच तास घेतला.

नियम ठरला — एकाने शिकवायचं, दोघांनी मागच्या बाकावर विद्यार्थी होऊन बसायचं. कळलं नाही तर हात वर करायचा. दुसऱ्याची लाज राखायला गप्प बसायचं नाही.

पहिली पाळी माझी. दोन मिनिटं झाली नसतील, कर्कवृत्ताचा हात वर! ‘बाई, एकमान म्हणजे काय? तुम्ही शब्द टाकलात आणि पुढे निघून गेलात.’

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मुलं श्वास रोखून बघत होती. मी फळा पुसला. ‘बरोबर आहे. मी सांगितलंच नाही.’ आणि ‘एका सेंटिमीटरला किती, ते एकमान’ इथपासून सांगितलं.

मग भराभर हात वर व्हायला लागले. मुलांचे! ज्यांनी वर्षभर तोंड उघडलं नव्हतं त्यांचे.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज कुकरची पाळी. त्यांचा त्रिकोण माझ्या रीतीपेक्षा झटपट आहे, हे मान्य करायला जड गेलं. पण अंगठा का ठेवायचा, हे त्यांनाच सांगता येईना. मी हात वर केला. शिट्टी वाजली. मग ते थांबले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, ‘थांबा हां. मलाही असंच शिकवलं होतं.’ वर्गाने टाळ्या वाजवल्या!

शेवटी तिघांनी एकच प्रश्न तीन रीतींनी सोडवला आणि उत्तर एकच आलं. खिडकीवाली म्हणाली, ‘अय्या! हे तर तेच आहे!’

२० ऑगस्ट

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. ‘हे बघा मॅडम, तीन शिक्षक एका वर्गात म्हणजे तमाशा. पालक म्हणतील, एकेकट्याला येत नाही म्हणून तिघं येतात.’

पूर्वीची मी असते तर ‘चुकलं बाई’ म्हणून बाहेर आले असते. मी म्हणाले, ‘ते खरंच आहे. एकेकट्याला येत नव्हतं.’

त्यांनी वेळापत्रक पुढे ओढून बुधवारवर बोट ठेवलं. ‘सहामाहीपर्यंत चालू दे. मग बघू.’

बाहेर आल्यावर आधी माठापाशी गेले. पाणी प्यायले.

३० ऑगस्ट

आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘आमच्याकडे कॉलर कुणी बिघडवली ते आतल्या नंबरावरून लगेच कळतं. तुमच्याकडे पोरगं कुणी बिघडवलं ते कसं कळणार?’

‘तेच तर आई. पोराला आत नंबर नसतो.’

‘म्हणजे तुम्हाला बरंच आहे की! ते राहू दे मास्तरीणबाई, तू कायम कधी होणार?’

हा प्रश्न रोज. भाजी वाढताना, दार उघडताना. तिचंही बरोबर आहे. दर उन्हाळ्यात माझी जागा राहते की जाते, या विचाराने तिचीही झोप उडते.

२१ ऑक्टोबर, बुधवार

सहामाहीचे निकाल. आमच्या स्टाफरूममध्ये ‘ब म्हणजे बाद’ असं म्हणायची पद्धत आहे. आज कुणी म्हणालं नाही. तिन्ही विषयांत ‘ब’ वर आली आहे. भूगोलात तर ‘अ’च्या पुढे! कर्कवृत्तांनी निकाल दोनदा वाचला आणि चष्मा पुसत बसल्या.

उगाच फुशारकी नको. पेपर सोपा असेल. मुलं थोडी मोठी झाली असतील. मला खात्री नाही, आणि खात्री नसताना लिहायचं नाही असं मी ठरवलंय. आनंद झाला, एवढं मात्र खात्रीने लिहिते.

२७ ऑक्टोबर

शाळेच्या समितीचे अध्यक्ष आले होते. हसतमुख. ‘छान, छान. पण श्रेय नेमकं कुणाचं?’

मग त्यांनीच सांगितलं — यंदा कायम जागा एकच भरायची आहे. गणित-शास्त्र मिळून एक. तात्पुरते दोघं — मी आणि कुकर. ज्याचा विषय बोर्डाच्या निकालापर्यंत जास्त वर जाईल, त्याचा विचार आधी. दुसऱ्याची नोकरी संपली.

बाहेर पडताना कुकर आणि मी एकाच दाराशी आलो. ‘तुम्ही आधी.’ ‘नाही, तुम्ही.’ एवढं सभ्य आम्ही कधीच बोललो नव्हतो.

११ नोव्हेंबर, बुधवार

कुकर तासाला आले नाहीत. सकाळी शाळेआधी ‘ब’ला बोलावून एकट्याने शास्त्र घेतात. मला कुणी सांगितलं नाही, मुलांच्या वह्यांवरून कळलं.

मग मीही खेळाचा तास मागून घेतला. गणितासाठी.

लिहितानाच कसंतरी होतंय. पण मी का मागे राहू? त्यांना जागा हवी, मला नको? आईला रोज काय उत्तर देऊ?

१८ नोव्हेंबर, बुधवार

मीही गेले नाही. कर्कवृत्त एकट्याच वर्गात बसून होत्या म्हणे, रिकाम्या फळ्यासमोर.

४ डिसेंबर

चाचणीचे पेपर तपासले. गणित घसरलं. कुकरच्या टेबलावरून जाताना बघितलं — शास्त्रही. दोघांनी जादा तास घेऊन!

वर्गात खिडकीवालीला विचारलं, अगं, इतकं येत होतं, काय झालं? ती खाली बघत म्हणाली, ‘सर म्हणाले, तुमची रीत लांबण लावते. तुम्ही म्हणालात, सरांची रीत म्हणजे नुसतं पाठांतर. मग मी कुणाची लिहू? एक लिहिली तर दुसऱ्यांना राग येईल.’

मी तसं म्हणाले होते. हसत हसत म्हणाले होते. पोरीने मनात ठेवलं.

७ डिसेंबर

कर्कवृत्तांनी स्टाफरूममध्ये आम्हा दोघांना सगळ्यांसमोर धुतलं.

‘ऑगस्टात ही पोरं जिथे होती तिथे तुम्ही दोघांनी मिळून त्यांना पुन्हा नेऊन ठेवलंत! हेच तुमचं एकत्र काम!’

‘बाई, जागा एकच आहे हो. घरी लहान बाळ आहे,’ कुकर म्हणाले. हळू आवाजात. बाळाचं मला तेव्हाच कळलं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस, आणि मला माहीत नव्हतं!

‘जागा एक आहे, अरे, पण वर्गही एकच आहे ना?’

मी म्हणाले, ‘मला ती जागा हवी आहे. खूप हवी आहे. हे आधी सांगून टाकते.’

‘मलाही,’ कुकर म्हणाले. ‘आणि मी चोरून सकाळचे तास घेतले.’

‘मी खेळाचा तास खाल्ला.’

‘झालं?’ कर्कवृत्त म्हणाल्या. ‘आता बुधवारी या. दोघंही. उशीर केलात तर बाकावर उभं करीन.’

९ डिसेंबर, बुधवार

तिघं होतो. मी वर्गाला सांगितलं, सरांच्या रीतीबद्दल मी बोलले ते चूक होतं. सरांनीही सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मोठी माणसं असं बोलतात हे त्यांना नवीन असावं. मलाही नवीन होतं.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण याची मला खात्री आहे. ऑक्टोबरात आकडे चढले, तेव्हा मी म्हणाले होते, पेपर सोपा असेल. पण नोव्हेंबरात मुलं तीच होती, बाकं तीच, शिकवणारे तेच, उलट तास वाढले होते. फक्त आम्ही एकमेकांकडे पाठ फिरवली होती. आणि आकडे पडले. माझ्या डोळ्यांदेखत!

२० जानेवारी, बुधवार

आज फळ्यापाशी खिडकीवाली. बाकावर आम्ही तिघं. मी मुद्दाम हात वर केला. ती म्हणाली, ‘बाई, तुम्हाला कळलंय, उगाच विचारू नका.’ कुकर इतके हसले की शिट्टी वाजली.

२४ फेब्रुवारी, बुधवार

बोर्डाच्या निकालाची वाट न बघताच समितीने बोलावलं. एकेकाने आत जायचं होतं.

शिपाई म्हणाला, आधी गणिताच्या मॅडम. मी उठले. कुकर उठले. कर्कवृत्तही उठल्या, त्यांना तर बोलावलंही नव्हतं. तिघं आत.

अध्यक्ष म्हणाले, ‘एकेकाने यायचं होतं.’

मी म्हणाले, ‘आम्ही एकेकाने शिकवलं नाही, सर.’

माझाच आवाज! इतका स्वच्छ कसा निघाला?

त्यांनी पुन्हा चढलेले आकडे पुढे केले. यातला गणिताचा वाटा वेगळा काढून सांगा. मी सांगितलं, नाही निघत. वेगळा काढायला गेलो होतो, तेव्हा काय झालं ते डिसेंबरच्या चाचणीत बघा. ‘अहो, पण कुणामुळे तरी झालं असेल ना?’ कुकर म्हणाले, ‘माझा त्रिकोण मॅडमनी दुरुस्त केला. मॅडमचं एकमान बाईंनी दुरुस्त केलं. आता सांगा कुणामुळे.’

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. हसू गेलं नव्हतं. ‘वा! इतकी एकी आहे? मग उत्तमच. तुम्ही तिघंच मिळून एक नाव द्या. उद्या. नाही दिलंत तर जाहिरात देतो, बाहेरचा माणूस येईल. दोघंही घरी.’

आमचीच काठी आमच्याच पाठीत!

मोठ्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, ते मी बघितलं.

२५ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर वाचनालयाचं कुलूप उघडून आत बसलो. चिठ्ठ्या टाकू, कुकर म्हणाले. कर्कवृत्त म्हणाल्या, ‘चिठ्ठीला काय कळतं? मला विचारा. तुमच्या दोघांच्या वर्गात मागे मी बसलेय.’

‘सांगा मग,’ मी म्हणाले.

‘तू पोराचं ऐकतेस, गं. कुठे अडलंय ते तुला आधी कळतं. पण पस्तीस पोरांचा वर्ग एकट्याने ओढून न्यायला अजून कमी पडतेस. तो नेतो. आणि मी जाणार. पुढच्या वर्षी हा बुधवार एकट्याने उभा करावा लागेल.’

त्यांनी नाव घेतलं नाही. गरज नव्हती. कारण कुकरच्या वर्गात मागे मीही बसले होते. शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा त्यांच्याकडे वळतं, हे मी बघितलंय. बघितलेलं नाकारायचं कसं?

कुकर म्हणाले, ‘नाही. हे बरोबर नाही.’

‘बरोबर आहे,’ मी म्हणाले. ‘पण नाव फुकट नाही द्यायचं. त्यांना आपल्या तिघांची संमती हवी आहे ना? मग त्याच्या बदल्यात बुधवारचा तास वेळापत्रकात छापून द्यायचा. दहावीच्या सगळ्या तुकड्यांना. त्या तासाला शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसायचं, हे लिहून. नाहीतर नाव नाही, द्या जाहिरात!’

अर्ज मी लिहिला. माझं अक्षर बरं आहे. कुकरचं नाव लिहिताना ते खिडकीबाहेर बघत होते. मग तिघांनी सह्या केल्या आणि एकत्र जाऊन दिला.

अध्यक्ष चिडले. ‘अटी घालता?’ तेव्हा कोपऱ्यातून मोठ्या बाई म्हणाल्या, ‘वेळापत्रक मी करते. मी छापते.’ मग अध्यक्षांनी अर्जावर सही ठोकली.

रडले नाही. रस्त्यात डोळ्यांत थोडं पाणी आलं, पण तो वारा होता असं धरून चालते.

२६ फेब्रुवारी

आई — ‘मग? कायम झालीस?’

‘मी नाही झाले. तास कायम झाला.’

‘तासाला पगार मिळतो का?’

मी हसायला लागले. ती नाही हसली. ताट वाढलं, समोर बसली. मग म्हणाली, ‘स्वतःच्या हाताने दुसऱ्याचं नाव लिहिलंस?’

‘हो.’

‘भीती नाही वाटली?’

‘वाटली. अजून वाटतेय.’

‘हं. भीती वाटूनही लिहिलंस, तर मग मी काय बोलू!’ आणि पोळी वाढली. आज दुसऱ्यांदा तो प्रश्न विचारला नाही.

३१ मार्च

बोर्डाची परीक्षा संपली. ‘ब’ने फळ्यावर मोठा त्रिकोण काढला, त्यात दोरा चिकटवला आणि खाली लिहिलं — ‘हे तर तेच आहे!’ पुसायचं धाडस मला झालं नाही. तसाच सोडून निघाले.

९ जून

निकाल. ‘ब’मधलं एकही मूल या तीन विषयांत नापास नाही. ‘ब म्हणजे बाद’ म्हणणाऱ्यांनी आता दुसरं अक्षर शोधावं!

खिडकीवालीला शास्त्र शाखा हवी आहे. कुकरनी फोनवर सांगितलं, सांगताना शिट्टी वाजली. मला नवीन शाळा मिळाली आहे. पुन्हा तात्पुरती.

१६ जून

नवीन स्टाफरूम. एका खुर्चीत बसले. ‘ती खुर्ची...’ कुणीतरी सुरू केलं. ‘हो, पण आत्ता रिकामी आहे,’ मी म्हणाले. बसून राहिले. मग शेजारच्यांना विचारलं, ‘तुम्ही प्रमाण कसं शिकवता?’ ते म्हणाले, ‘तुम्हाला काय करायचंय?’

इथेही आम्ही सगळे ‘तुमचं झालेलंच आहे’ असं म्हणतो वाटतं.

पुढच्या बुधवारी माझ्या तासाला बसायला या, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. येतो असं कुणीच म्हणालं नाही. बाक मात्र पुसून ठेवणार.

२३ जून, बुधवार

अपेक्षेप्रमाणे कुणी आलं नाही. फळ्याकडे वळले, एकमान म्हणाले, पुढे निघाले — आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, पुन्हा शब्द टाकून पुढे गेलात.’

कर्कवृत्त! शेजारी कुकर, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, हात वर करून. बुधवारचं मी फोनवर बोलले होते, ते लक्षात ठेवून दोघं माझी पाठ वळताच मागच्या दाराने शिरले होते.

इथले मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. ‘हे कोण?’

‘माझा स्टाफ आहे, सर. तुम्हीही बसा, बाक रिकामा आहे.’